खिळलेले भोवरे : अतिसंवाहकांतल्या अव्यवस्थेचा आढावा

एमआरआय यंत्राच्या पोटात गुंडाळलेली तार मुद्दाम बिघडवलेली असते. नायोबियम आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू आधी एकजीव करायचा, मग तो तापवून त्यातून टायटॅनियमचे कण वेगळे पडू द्यायचे, आणि त्यानंतर तार ओढून ओढून इतकी बारीक करायची की त्या कणांच्या अवघ्या काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या व्हाव्यात. चांगल्या तारेत या पट्ट्यांचा वाटा पाचव्या हिश्शापर्यंत जातो. द्रव हेलियमच्या तापमानाला त्या स्वतः अतिसंवाहक नसतात. म्हणजे विजेला शून्य रोध करतो म्हणून जो पदार्थ निवडला, त्यातलाच एवढा भाग आपण हाताने निकामी करतो, आणि तसे केल्यावरच तो चुंबकासाठी उपयोगी पडतो. असा चुंबक एकदा प्रवाह भरून दिला की बाहेरच्या विजेशिवाय वर्षानुवर्षे चालतो. त्याचे क्षेत्र तासाभरात दशलक्षांश भागाच्या दहाव्या हिश्शाइतकेही उतरू नये, अशी अपेक्षा असते.

पदार्थातली अव्यवस्था इथे नेमके काय करते, हा प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षे भौतिकशास्त्रज्ञांना धरून आहे. अव्यवस्था चांगली की वाईट, अशा रूपात तो विचारला तर उत्तर मिळत नाही. ती किती आकाराची, कुठे, आणि पदार्थ तिथवर कोणत्या वाटेने पोहोचला, हे विचारावे लागते. या तिसऱ्या भागाकडे, म्हणजे इतिहासाकडे, अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले. तिथे मुंबईतल्या प्रयोगशाळांचे काम महत्त्वाचे आहे, म्हणून या लेखात त्यावर थोडे जास्त थांबणार आहे.

आधी भोवऱ्यांविषयी. 1911 साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांना पाऱ्याचा रोध 4.2 केल्विनजवळ नाहीसा झालेला दिसला. 1933 साली माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले की अतिसंवाहक आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकतो. पण हे शुद्ध धातूंचे झाले. खारकिव्हमध्ये लेव्ह शुबनिकोव्ह आणि त्यांचे सहकारी शिशाच्या मिश्रधातूंवर काम करत होते. त्यांना दिसले की एका मर्यादेनंतर क्षेत्र आत शिरू लागते, आणि तरीही अतिसंवाहकता पुढे बऱ्याच मोठ्या क्षेत्रापर्यंत टिकते. तो काळ असा होता की मिश्रधातूंत जे काही विचित्र दिसेल त्याचे खापर नमुन्याच्या अशुद्धतेवर फोडले जाई. शुबनिकोव्ह यांनी नमुने काळजीपूर्वक एकजीव करून तो आक्षेप बाजूला केला. 1937 साली स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांचे काम कितीतरी वर्षे कुणी नीट वाचले नाही.

त्याचा अर्थ लावला अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी. 1950 च्या गिन्झबर्ग–लांदाऊ सिद्धांतातली एक संख्या विशिष्ट मूल्याच्या वर गेली, तर क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपाने आत शिरते. प्रत्येक नळीभोवती विजेचा प्रवाह गोल फिरत असतो, आणि तिच्या गाभ्यात अतिसंवाहकता मेलेली असते. हाच भोवरा. प्रत्येक भोवरा ठरलेलाच चुंबकीय अभिवाह वाहतो, सुमारे 2.07 × 10⁻¹⁵ वेबर. ना कमी, ना जास्त. अब्रिकोसोव्ह यांच्या सांगण्यानुसार हे उत्तर 1953 सालीच त्यांच्या हाती आले होते, पण लांदाऊंना ते पटले नाही, आणि निबंध निघाला 1957 साली. त्यांनी भोवऱ्यांची मांडणी चौकोनी जाळीची काढली होती. ती त्रिकोणी असते तेव्हा ऊर्जा किंचित कमी लागते, हे 1964 साली दुसऱ्यांनी दाखवले. दोन्ही मांडण्यांतला फरक अवघा दोन टक्क्यांच्या आसपासचा आहे. हा इतका लहान फरक ध्यानात ठेवावा. भोवऱ्यांची जाळी किती मऊ आहे, तिला वाकवायला किती थोडे पुरते, ते त्यातून कळते. 1967 साली श्टुटगार्टमध्ये एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी नमुन्यावर चुंबकीय धातूचे अतिसूक्ष्म कण उडवून ती जाळी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवली.

इथे अव्यवस्थेचे पहिले काम लक्षात येते. नायोबियमसारखे अपवाद सोडले तर बहुतेक शुद्ध मूलधातूंत भोवरे होतच नाहीत. धातूत परके अणू मिसळले की इलेक्ट्रॉन वारंवार आपटतात, ती गिन्झबर्ग–लांदाऊ संख्या वाढते, आणि पदार्थ भोवरे सामावून घेणाऱ्या वर्गात जातो. गंमत अशी की साध्या, अचुंबकीय अशुद्धीने अतिसंवाहकतेचे तापमान फारसे ढळत नाही. फिलिप अँडरसन यांनी 1959 साली त्याचे कारण दिले. थोडक्यात, अव्यवस्था भोवऱ्यांना जन्म देते आणि अतिसंवाहकतेला हात लावत नाही.

भोवरे जन्मले, आणि नवी आपत्ती उभी राहिली. पदार्थातून प्रवाह सोडला की प्रत्येक भोवऱ्यावर त्या प्रवाहाला काटकोनात बल येते. भोवरा सरकला की विद्युत क्षेत्र तयार होते आणि ऊर्जा उष्णतेत जाते. बार्डीन आणि स्टीफन यांनी 1965 साली या सरकण्याचा रोध काढला. भोवऱ्यांच्या गाभ्यांनी जितकी जागा व्यापली असेल, साधारण त्या प्रमाणात तो साध्या धातूच्या रोधाइतका होत जातो. एक टेस्ला क्षेत्रात एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे 4,800 कोटी भोवरे असतात, एकमेकांपासून जेमतेम 49 नॅनोमीटरवर. ते सगळे मोकळे असतील तर जरासा प्रवाह दिला तरी ते सगळे एकत्र वाहू लागतील. निर्दोष स्फटिक हा चुंबकीय क्षेत्रात खऱ्या अर्थाने अतिसंवाहक उरतच नाही.

म्हणून भोवरे खिळवावे लागतात. प्रयोगशाळेत याला पिनिंग म्हणतात. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मारावी लागते, आणि त्याची ऊर्जेत किंमत मोजावी लागते. जिथे ती आधीच मेलेली आहे तिथे गाभा बसवला तर ती किंमत वाचते. मग भोवरा तिथून सहजासहजी हलत नाही. 1961 साली बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टिन या संयुगाच्या तारेतून 8.8 टेस्ला क्षेत्रात चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअर प्रवाह नेऊन दाखवला. मोठ्या अतिसंवाहक चुंबकांचे युग तिथून सुरू झाले. त्या तारेत भोवरे खिळवायचे काम स्फटिककणांमधल्या सीमा करतात, त्यामुळे कण जितके बारीक तितकी तार चांगली. सर्नच्या मोठ्या प्रवेगकातले 1,232 वळणचुंबक मात्र नायोबियम-टायटॅनियमचे आहेत, 1.9 केल्विनला थंड ठेवलेले आणि 8.33 टेस्लासाठी आखलेले. त्यांतला प्रत्येक भोवरा लेखाच्या आरंभी सांगितलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांनी धरून ठेवलेला असतो.

आकाराचा मुद्दा इथे निर्णायक आहे. खिळवणारी जागा भोवऱ्याच्या गाभ्याएवढी असावी लागते. गाभा नायोबियममध्ये सुमारे 40 नॅनोमीटरचा, तर इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये, म्हणजे वायबीसीओमध्ये, दोनएक नॅनोमीटरचाच. आता अस्फटिकी धातूची फिल्म घेतली, उदाहरणार्थ मॉलिब्डेनम-जर्मेनियमची, तर तिच्यात अणूंची कसलीच ओळ नसते. अणूंच्या पातळीवर याहून मोठी अव्यवस्था शोधून सापडणार नाही. पण भोवऱ्याचा गाभा अणूपेक्षा कितीतरी मोठा. त्याला ही सगळी खडबड सरासरीने सपाट लागते, आणि अशा फिल्ममध्ये भोवरे जवळजवळ मोकळे फिरतात. संपूर्ण अव्यवस्था भोवऱ्यांना सुव्यवस्थेसारखीच भासते. या विषयात मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट कुठली असे विचारले, तर मी हीच सांगेन. पिनिंगचे सिद्धांत तपासायला 1980 च्या दशकात अशाच फिल्म वापरल्या गेल्या, त्याचे कारणही हेच.

तो सिद्धांत तयार होणे सोपे नव्हते. एक भोवरा एका खड्ड्यात अडकतो, हे सांगायला फार गणित लागत नाही. पण इथे कोट्यवधी भोवरे एकमेकांना ढकलत जाळी करून बसलेले आणि कोट्यवधी खड्डे कसेही विखुरलेले. जाळी पोलादासारखी ताठ असेल तर काही खड्डे तिला इकडे ओढतील, काही तिकडे, आणि बेरीज जवळजवळ शून्य येईल. जाळी वाकते म्हणूनच ती अडकते. अनातोली लार्किन यांनी 1970 साली, आणि युरी ओव्चिनिकोव्ह यांच्यासह 1979 साली, या बेरजेची रीत सांगितली. जाळीचे लहान लहान तुकडे कल्पावेत, ज्यांच्या आत भोवरे अजून आपापल्या जागी आहेत. एका तुकड्यातले खड्डे त्याला आपल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ओढतात, म्हणजे जी ओढ उरते ती निव्वळ यादृच्छिक चढउतारांची असते. खड्डे जितके प्रभावी तितका तुकडा लहान, आणि तुकडा जितका लहान तितका खिळलेला प्रवाह, म्हणजे भोवरे न सुटता नेता येणारा प्रवाह, मोठा. सामूहिक पिनिंग या नावाने हा सिद्धांत ओळखला जातो. बलवान, मोठे खड्डे असतील तर तो अपुरा पडतो. आज वापरात असलेल्या तारांमध्ये खड्डे बलवानच असतात, आणि तिथे हिशेब अजूनही बराचसा संगणकीय नकलांवर चालतो.

जाळी वाकते म्हणून अडकते, या कल्पनेने एका जुन्या कोड्याला हात घालता आला. क्षेत्र वाढवत नेले की खिळलेला प्रवाह कमी कमी होत जायला हवा, आणि होतोही. पण काही नमुन्यांत अतिसंवाहकता संपायच्या अगदी अलीकडे तो अचानक उसळतो, शिखर गाठतो आणि मग कोसळतो. 1960 च्या सुमाराला हे लक्षात आले होते. केंब्रिजच्या ब्रायन पिपार्ड यांनी 1969 साली कारण सुचवले. त्या टोकाला जाळी खड्ड्यांच्या जोरापेक्षा झपाट्याने मऊ होते. खडकाळ जमिनीवर लाकडी फळी टाकली तर ती दोनचार दगडांनाच टेकते. ओली गोधडी टाकली तर ती प्रत्येक खाचखळग्यात उतरते आणि ओढायला जड जाते. मऊ जाळीचे तसे होते.

ही गोष्ट तपासायला सर्वांत सोयीचा पदार्थ निघाला नायोबियम डायसेलेनाइड. 7.2 केल्विनला तो अतिसंवाहक होतो. त्याचे स्फटिक थरांचे असतात, चिकटपट्टीने वरचा थर सोलला की ताजा सपाट पृष्ठभाग मिळतो, आणि त्यात खड्डे फारच थोडे असतात. प्रिन्स्टनजवळच्या एनईसी संशोधन संस्थेत शोभो भट्टाचार्य आणि मार्क हिगिन्स यांनी 1993 साली या स्फटिकातल्या भोवऱ्यांना प्रवाहाने ढकलून पाहिले. शिखराच्या आधी जाळी अखंड सरकते, शिखराच्या भागात तिचे तुकडे एकमेकांना घासत वेगवेगळ्या वेगांनी जातात, आणि पलीकडे सगळे द्रवासारखे वाहते. भट्टाचार्य पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, संचालक होऊन मुंबईत आले. त्याआधीपासून कुलाब्याच्या त्या संस्थेतल्या अरुण ग्रोवर आणि एस. रामकृष्णन यांच्या गटाशी त्यांचे सहकार्य होते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली मंडळीही त्यात होती.

मुंबईच्या या गटांनी ज्या गोष्टीकडे बोट दाखवले ती दिसायला किरकोळ आहे. तोच स्फटिक, तेच तापमान, तेच क्षेत्र. पण आधी थंड करून मग क्षेत्र लावले तर एक उत्तर येते, आणि क्षेत्र लावून मग थंड केले तर दुसरे. क्षेत्रात थंड केलेले भोवरे विस्कळीत अवस्थेत गोठतात, आणि त्यांचा खिळलेला प्रवाह जास्त भरतो. लहानसे आलटते क्षेत्र देऊन त्यांना हलवले की ते सावरून नीट जाळीत बसतात. 1998 च्या सुमारास सत्यजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शिखर गाठताना जाळी दोन स्पष्ट टप्प्यांत फुटते, आणि परतीच्या वाटेवर ती मूळ अवस्थेत आपोआप येत नाही. ट्रॉम्बेच्या जी. रविकुमार यांनी या इतिहासावलंबी प्रवाहाचे सूत्ररूप प्रतिमान दिले. याचा अर्थ असा की खिळलेला प्रवाह हा पदार्थाचा निश्चित गुण आहे, असे धरून काढलेले अनेक आलेख खरे तर नमुना कसा थंड केला याचे आलेख होते.

इस्रायलमधल्या वैझमान संस्थेतल्या एली झेल्डोव्ह यांच्या गटाने याच स्फटिकांवर 2000 साली आणखी एक अडचण दाखवली. बाहेरून येणारे भोवरे नमुन्याच्या ओबडधोबड कडेवरून आत शिरतात तेच मुळी विस्कटलेले असतात, आणि आत चालता चालता हळूहळू ओळीत येतात. म्हणजे आतल्या अव्यवस्थेचा एक भाग कडेवरून आयात झालेला असतो. चकतीच्या मध्यातून परिघाकडे प्रवाह नेला, म्हणजे भोवरे कड न ओलांडता गोल फिरत राहतील, तर बरीचशी विचित्र वागणूक नाहीशी होते. इतिहासाचे सगळेच परिणाम कडेमुळे असतात, असा निष्कर्ष काही जणांनी यावरून काढला. तो मला घाईचा वाटतो. पुढे टीआयएफआरमध्येच प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने 350 मिलिकेल्विनला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भोवरा मोजला. त्यांनी मुद्दाम किंचित कोबाल्ट घातलेले नायोबियम डायसेलेनाइड घेतले होते. 2015 साली छापलेल्या त्या चित्रांत दोन टप्पे डोळ्यांना दिसतात. आधी जाळीत डिसलोकेशन शिरतात, म्हणजे मध्येच एखादी ओळ तुटून संपते. भोवऱ्यांच्या जागा बिघडतात, पण ओळींच्या दिशा अजून जुळतात. क्षेत्र आणखी वाढवल्यावर दिशाही बिघडतात, आणि उरते ते निराकार. मधली अवस्था चित्रात आहे म्हटल्यावर तिच्यावर केवळ कडेचा दोष ढकलता येत नाही. याच गटाने 2019 साली मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या 20 नॅनोमीटर फिल्ममध्ये, जिथे खड्डे जवळजवळ नाहीतच, भोवऱ्यांची जाळी वितळताना मध्ये षट्कोनी दिशा राखणारा द्रव लागतो हे दाखवले. द्विमिती स्फटिक असे टप्प्याटप्प्याने वितळावेत, हे भाकीत 1970 च्या दशकातले.

आता एक पायरी मागे. लार्किन यांच्या 1970 च्या निबंधाचा दुसरा निष्कर्ष पिनिंगहून खोल होता. यादृच्छिक अव्यवस्था कितीही दुबळी असली तरी पुरेशा लांब अंतरावर जाळीची शिस्त ती मोडतेच. जवळजवळ पंचवीस वर्षे लोकांनी हे वाक्य शब्दशः धरले. पण लार्किन यांचे गणित भोवऱ्यांचे विस्थापन लहान असतानाच लागू होते. ते जाळीच्या अंतराएवढे झाले की भोवऱ्याला शेजारचा खड्डाही तितकाच चालतो. जाळी आवर्ती असल्यामुळे तिला फार लांब भरकटण्याची गरजच उरत नाही. नाटरमान, कोर्शुनोव्ह, आणि सर्वांत ठामपणे 1994–95 मध्ये थिएरी जियामार्की आणि पिएर ल दूसाल यांनी दाखवले की विस्थापनाचा वर्ग अंतराच्या केवळ लॉगरिदमच्या वेगाने वाढतो. खड्डे दुबळे असतील तर डिसलोकेशन एकही नसते, आणि न्यूट्रॉन विवर्तनात जाळीचे टोकदार बिंदू तसेच दिसतात. या अवस्थेला ब्रॅग काच म्हणतात. तो पदार्थ काचेसारखा अडकलेला असतो आणि स्फटिकासारखा दिसतो. 2001 साली पोटॅशियम-बेरियम बिस्मथ ऑक्साइडवरच्या न्यूट्रॉन प्रयोगात तिची खूण सापडली. क्षेत्र वाढताना बिंदू फिके होत गेले, पण पसरले नाहीत. शुबनिकोव्हपासूनच्या साऱ्या वाटचालीत शुद्ध विचाराने मिळालेले याहून देखणे फळ माझ्या पाहण्यात नाही.

1986 साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांची कवाडे उघडली, आणि पुढच्याच वर्षी वायबीसीओ 93 केल्विनला पोहोचले. द्रव नायट्रोजनच्या तापमानात चुंबक चालतील, असे वाटत असतानाच भोवऱ्यांनी आडकाठी घातली. इतक्या तापमानाला उष्णतेचे धक्के भोवऱ्यांना खड्ड्यातून उचलून बाहेर टाकतात. त्यात गाभा लहान, आणि थरांमधले बंध दुबळे. उष्णतेच्या या प्रभावाचे एक माप आहे. जुन्या धातूंत ते दहा कोटींत एक इतके क्षुल्लक असते, वायबीसीओमध्ये शंभरात एकच्या आसपास. बिस्मथ असलेल्या ऑक्साइडात तर 77 केल्विनला एक टेस्लाच्या कितीतरी खालीच भोवऱ्यांचा द्रव होतो. तिथे खड्डे असून नसल्यासारखे. 1995 साली झेल्डोव्ह यांनी सूक्ष्म हॉल-संवेदकांनी दाखवले की स्वच्छ स्फटिकात हे वितळणे बर्फासारखे एका झटक्यात होते. त्याच गटाने 2001 साली याचे उलटे रूप दाखवले. विशिष्ट क्षेत्रात विस्कळीत भोवरे तापवले असता उलट जाळीत येतात. त्यासाठी त्यांनीही भोवऱ्यांना आडव्या आलटत्या क्षेत्राने हलवूनच समतोलाला आणले. मुंबईत जे करत होते, तेच.

खिळलेले भोवरेही हळूहळू निसटतात. जुन्या धातूंत हे अँडरसन आणि किम यांनी 1962 सालीच मांडले होते. त्यामुळे प्रवाहाचा ऱ्हास लॉगरिदमने होतो, म्हणजे पहिल्या दहा सेकंदांनंतर शंभर सेकंदांपर्यंत जेवढा होतो, तेवढाच पुढे हजारपर्यंत. नायोबियमच्या तारेत तो नगण्य असतो. वायबीसीओमध्ये येशुरुन आणि मालोझेमॉफ यांनी 1988 साली तो प्रचंड मोजला. वेळ पावणेतीन पट झाली की प्रवाह दोनएक टक्क्यांनी उतरतो. मग प्रश्न असा की लहान प्रवाहाला तरी रोध खरोखर शून्य असतो का? मॅथ्यू फिशर यांनी 1989 साली होकार दिला. पुरेशी अव्यवस्था असेल तर भोवरे काचेत गोठतात, आणि प्रवाह लहान होत जाईल तसा अडथळा अमर्याद वाढतो. त्याच वर्षी आयबीएममधल्या मोजमापांनी पाठिंबा दिला. नंतर शंका सुरू झाल्या. 1995 च्या एका संगणकीय अभ्यासात, भोवऱ्यांमधले बल अंतराबरोबर विरते हे धरल्यावर, तीन मितींत असे गोठणे सापडलेच नाही. मेरिलँड विद्यापीठातल्या गटाने 2001 साली दाखवले की आलेख एका वक्रावर आणण्याची जी रीत पुरावा म्हणून वापरली जाते, तिने एकाच नमुन्यातून वेगवेगळी गोठणतापमाने काढता येतात. हा वाद मिटला नाही, मंदावला. ब्लॅटर आणि सहकाऱ्यांचा 1994 चा 264 पानांचा आढावा आजही या क्षेत्राचा आधारग्रंथ आहे, आणि काचेविषयीची त्यातली पाने आज जास्त सावधपणे वाचावी लागतात.

अभियंत्यांनी मात्र वाट पाहिली नाही. 1991 साली सिव्हाले आणि सहकाऱ्यांनी 580 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टिन आयनांनी वायबीसीओ स्फटिकांना आरपार भोके पाडली. भोवरा रेषेसारखा, भोकही रेषेसारखे, त्यामुळे भोवरा पूर्ण लांबीभर बसतो. नेल्सन आणि विनोकूर यांनी याचे गणित पुंज-यांत्रिकीतल्या कणांच्या गणिताला जोडून दिले. पण मैलोन्‌मैल तार प्रवेगकातून कोण नेणार? 2004 पासून फिल्म वाढवतानाच बेरियम झिर्कोनेट मिसळले जाऊ लागले. त्याच्या नॅनोमीटर जाडीच्या कांड्या आपोआप उभ्या राहतात. तार म्हणजे आता धातूच्या पट्टीवरची एक-दोन मायक्रोमीटरची फिल्म. तिथेही एक अव्यवस्था काटेकोरपणे टाळावी लागते. 1988 साली डिमोस, प्रवीण चौधरी आणि मानहार्ट यांनी दाखवले की शेजारच्या दोन कणांची दिशा थोडी जरी फिरली तरी सीमेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने घसरतो. जी कणसीमा नायोबियम-टिनमध्ये भोवऱ्याला अडवते, तीच इथे विजेला अडवते.

किती अव्यवस्था घालावी, याला छत आहे. जागा खड्ड्यांनी भरली की विजेला वाट उरत नाही, आणि गाभा खिळवून मिळणारा प्रवाह सैद्धांतिक कमालीच्या तिसऱ्या हिश्शापुढे क्वचितच जातो. निसटण्यालाही तळ आहे. 2017 साली सरीना इली आणि सहकाऱ्यांनी अनेक पदार्थांची तुलना करून दाखवले की ते उष्णतेच्या त्या मापाच्या वर्गमुळाने ठरणाऱ्या मर्यादेखाली जात नाही, खड्डे कसेही घडवा.

काही यंत्रांत तर भोवरा खिळणे हाच दोष. प्रवेगकांच्या नायोबियम पोकळ्यांत अडकलेला भोवरा सूक्ष्मलहरींनी थरथरतो आणि तापतो. 2014 च्या सुमारास कळले की पोकळी एका टोकाकडून वेगाने थंड केली तर भोवरे बाहेर झाडले जातात. कण मोठे आणि दोष कमी असलेल्या धातूत तर आणखी सहज. पुंजसंगणकाच्या क्यूबिटमध्येही भोवरे नकोच असतात. येलमध्ये 2014 साली मात्र मोजके भोवरे उपकारक ठरले. भटके इलेक्ट्रॉन त्यांच्या गाभ्यात जाऊन बसले आणि क्यूबिटचे आयुष्य वाढले.

सध्या सर्वांत कळीचा प्रश्न संमीलन अणुभट्ट्यांचा आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी दुर्मीळ मृदा ऑक्साइडाच्या पट्टीचा चुंबक 20 टेस्लापर्यंत नेला. भट्टी चालू झाल्यावर त्या पट्टीवर वर्षानुवर्षे न्यूट्रॉन आदळत राहतील आणि रोज थोडी नवी अव्यवस्था घालतील. व्हिएन्नाच्या अणुसंस्थेत छोट्या अणुभट्टीत ठेवून अशा पट्ट्या तपासल्या गेल्या. सुरुवातीला प्रवाह वाढतो, कारण नवे खड्डे मिळतात. मग अतिसंवाहकतेचे तापमान उतरते आणि प्रवाहही. बेरियम झिर्कोनेटसारखे खड्डे ज्यांत आधीच भरून ठेवले होते, त्या पट्ट्या साध्या पट्ट्यांच्या आधी घसरणीला लागल्या. त्यामुळे भट्टीसाठी तार मागवणाऱ्याने पहिल्या दिवशीचा प्रवाह पाहायचा की दहाव्या वर्षीचा, हे आधी ठरवावे लागते. शिवाय व्हिएन्नाच्या त्या पट्ट्या न्यूट्रॉन झेलताना गरम होत्या, आणि खऱ्या चुंबकातल्या पट्ट्या 20 केल्विनच्या आसपास गोठलेल्या असतील. इतक्या थंडीत विस्कटलेले अणू परत जागेवर सरकत नाहीत.